थंडीचा वेळू आणि पावसाचा वेळू

महाडहून पोलादपूर आणि पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वर, असा प्रवास ज्यानें पौष महिन्यांत केला असेल, त्याला एका दिवसांत दोन देश पाहिल्यासारखें वाटतें. खालीं सावित्रीच्या कांठीं दुपारीं अंगावर उपरणेंहि नकोसें होतें. वर, सुमारें साडेचार हजार फुटांवर, वेण्णा तलावाच्या आसपासच्या खोलगट जागेंत कांहीं वर्षीं पहांटेचें दंव गोठून गवतावर मिठासारखा पांढरा थर बसतो. या दोहोंच्या मधल्या उतारांवर वेळूचीं बेटें उभीं आहेत. कांटेरी कळक, बिनकांट्याचा माणगा, सडपातळ चिवा अशीं त्यांचीं घरगुती नांवें. वेळू म्हणजे उष्ण देशाची वनस्पति, असें या बेटांकडे पाहून कोणीहि म्हणेल. परंतु चीन, जपान आणि थेट युरोप येथें बर्फ डोक्यावर घेऊन उभा राहणारा वेळूहि आहे. मग तो येथें कां नाहीं, आणि येथला तेथें कां जगत नाहीं?

हा मुलूख इतिहासांत गाजला तो त्याच्या झाडीमुळें. सन १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि त्याच वर्षीं रायरीचा डोंगर, म्हणजे पुढचा रायगड, त्यांच्या हातीं आला. पुढें १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखान पडला, तेव्हां त्याच्या मोठ्या फौजेला त्या रानांतून वाट फुटेना. या विजयाचें श्रेय मावळ्यांचें खरेंच. पण थोडें त्या रानाचेंहि आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडाभोंवतालची झाडी तोडूं नये अशी जी कडक ताकीद आहे, तिच्यामागें असे अनुभव असले पाहिजेत.

बखरींतून तलवार दिसते, सूप दिसत नाहीं. तथापि या खोऱ्यांतील संसार वेळूवरच उभा होता. घराचा कुड, छपराचे वांसे, भाताची कणगी, रोवळी, हारा, कोंबड्यांचें डालगें, आणि आषाढांत लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरचें इरलें, हीं सारीं वेळूचीं. बुरूड आणि कातकरी यांची चूल त्यावरच पेटे. पावसाळ्याच्या आरंभीं कोवळा कोंब, ज्याला वास्ता म्हणतात, तो भाजीसाठीं बाजारांत येई आणि आजहि येतो.

या वास्त्यांतच वरील प्रश्नाचें उत्तर आहे. कोंकणांतला कळक काय किंवा माणगा काय, पहिला पाऊस मुरल्यावर कोंब टाकतो. आषाढ-श्रावणांत तो झपाट्यानें वाढतो. दिवाळीपर्यंत पुरी उंची गांठतो, पण अंगानें कच्चाच असतो. त्याचें लाकूड भरण्यास आणखी दोन-तीन वर्षें लागतात. म्हणूनच जाणता शेतकरी पावसांत बेटाला कोयता लावीत नाहीं आणि वर्षाची काठी तोडीत नाहीं. अशा कोंवळ्या काठीवर पहिल्याच हिंवाळ्यांत बर्फ पडलें, तर पेशींतलें पाणी गोठून ती काळी पडते. पोलादपुरास तसें हिम पडत नाहीं, म्हणून तेथें हें पंचांग निर्वेध चालतें.

चीनमधील मोसो नांवाच्या थोर वेळूचें पंचांग निराळें आहे. त्याचा कंद जमिनीखालीं आडवा धांवतो, उन्हाळाभर अन्न सांठवितो, आणि वसंतांत बर्फ वितळतांच कोंब वर पाठवितो. दीडदोन महिन्यांत कोंब साठ फूट उंच जातो आणि थंडी येण्यापूर्वीं निबर होतो. शून्याखालीं पंधरा अंशांची थंडीहि तो सोसतो. क्वचित् वरचा पाला जळला, तरी कंद जिवंत राहतो व पुढील वसंतांत पुन्हां फुटतो. आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवरील रिंगाळ हाहि थंडीचाच. गढवाल-कुमाऊंत त्याच्या टोपल्या विणतात. फरक थंड देश आणि उष्ण देश एवढाच नसून, कोंब कोणत्या महिन्यांत येतो, हा आहे.

युरोपास हें कळावयास बराच काळ लागला. वेळू काचगृहांतच जगावयाचा, अशी समजूत तेथें होती. इ. स. १८२७ मध्यें काळ्या काठीचा वेळू इंग्लंडांत आला आणि उघड्यावर टिकला. फ्रान्सच्या दक्षिणेस आंद्यूझजवळ यूजेन माझेल नांवाच्या व्यापाऱ्यानें १८५६ पासून वेळूचें वन उभें केलें. तें आजहि लोक पाहावयास जातात. जपानांत वकिलातींत राहिलेल्या मिटफर्ड या इंग्रजानें १८९६ मध्यें बागेंतल्या वेळूवर ग्रंथच लिहिला. पुढें १९०७ मध्यें विल्सन या वनस्पतिसंग्राहकानें मध्य चीनच्या डोंगरांतून एक कणखर झुडुपी वेळू आणला व त्याला आपल्या मुलीचें, म्युरिएलचें, नांव मिळालें. युरोपभर पसरलेलीं त्याचीं रोपें बहुतेक एकाच रोपाचा विस्तार होतीं. परिणाम असा झाला कीं, विसाव्या शतकाच्या अखेरीस तीं सारीं एकदम फुलारलीं आणि फुलून मेलीं. थंडीनें जें साधलें नाहीं तें फुलोऱ्यानें केलें. कळकाची गोष्ट हीच आहे. तीस ते पन्नास वर्षांनीं तो सर्वत्र एकदम फुलतो, बी टाकतो आणि वाळतो. त्या बियांवरून नवें बेट उगवतें खरें, पण तोंवर बुरडानें खावें काय?

चीनची आणि या घाटाची गांठ एकदां पडली आहे, तीहि विलक्षण रीतीनें. माल्कम साहेबानें १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरास थंड हवेचें ठाणें वसविलें आणि १८३४ पासून १८६४ पर्यंत तेथें चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. बटाटे आणि विलायती भाज्या पिकविण्यांत हे कैदी वाकबगार होते, आणि वेताच्या विणकामाची त्यांची कसबहि गांवकऱ्यांनीं उचलली. घाटमाथ्यावर साहेबाच्या टेबलाचा बटाटा रुजला. घाटाखालच्या बुरडाची दखल मात्र सरकारनें वेगळ्याच रीतीनें घेतली.

ती म्हणजे जंगलाचा कायदा. १८७८ च्या कायद्यानें राखीव रानें पक्कीं झालीं. १९२७ च्या कायद्यांत ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येंत वेळूहि घातला गेला. वनस्पतिशास्त्र वेळूला गवताच्या कुळांत घालतें. कायद्यानें त्याला नव्वद वर्षें झाड ठरविलें. स्वतःच्या बांधावरची काठी तोडून बाजारास नेणाऱ्यासहि परवान्याची भीति! २०१७ मध्यें तो शब्द व्याख्येंतून काढण्यांत आला. तोंवर कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड होऊन छत्तीस वर्षें लोटलीं होतीं आणि इरल्याची जागा प्लॅस्टिकनें घेतली होती.

आतां वेळूची आठवण पुन्हां निघते ती निराळ्या कारणानें. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांत दासगांव, जुई, कोंडिवते, रोहण येथें डोंगर कोसळले. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर कडा आला आणि ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. तेव्हांपासून उतारांवर वेळू लावा, असें म्हटलें जातें. सल्ला चांगला आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. वेळूचीं मुळें दाट जाळें विणतात; ओढ्याचा कांठ, बांध आणि वरची माती तें घट्ट धरतें. परंतु तें जाळें दोनतीन फुटांच्या फार खालीं जात नाहीं. खडकावरची खोल माती पाण्यानें फुगून सुटते, तेव्हां तिच्याबरोबर बेटहि खालीं येतें. तडा गेलेल्या कड्याखालची वाडी हलविण्यास वेळू हा पर्याय नव्हे.

आणि लावावयाचा तो कोणता? चकचकीत जाहिरातींतला, बर्फ सोसणारा परदेशी वेळू येथें आणला, तर तो आपल्या संवयीप्रमाणें चैत्रांत कोंब टाकील. त्या वेळीं या उतारांवर गुरांनाहि पाणी मिळत नाहीं. येथें माणगाच बरा. त्याला बी धरत नाहीं, म्हणून जुन्या बेटाच्या कडेचा वर्ष-दीड वर्षाचा कंद मुळांसकट काढून, हात-दीड हात काठी ठेवून, ज्येष्ठांत पहिल्या पावसावर लावावा लागतो. पहिल्या वर्षीं करंगळीएवढी काठी येते. विकण्याजोगी काठी चार-पांच वर्षांनीं मिळते, आणि तोंवर त्या रोपाला गुरांपासून आणि वणव्यापासून कोणीतरी राखावें लागतें.