डॉयसन, पाउल

डॉयसन, पाउल : (७ जानेवारी १८४५–६ जुलै १९१९). जर्मन तत्त्वज्ञ, संस्कृत पंडित आणि उपनिषदांचे भाषांतरकार. शोपेनहौअरच्या तत्त्वज्ञानाचे अनुयायी असूनही शांकर वेदान्ताकडे त्यांनी मानवी विचाराचे एक शिखर म्हणून पाहिले. मराठी ग्रंथांत त्यांचे नाव डायसन, ड्यूसेन असेही आढळते. भारतीय मित्रांसाठी त्यांनी स्वतःला ‘देवसेन’ असे संस्कृत नाव दिले होते.

चरित्र : ऱ्हाइन नदीच्या पूर्वेकडील वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागातील ओबरड्राइस गावी एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शुलफोर्टा येथील प्रसिद्ध निवासी शाळेत फ्रीड्रिख नीत्शे त्यांचा वर्गमित्र होता. १८६४ मध्ये दोघे मिळूनच बॉन विद्यापीठात दाखल झाले. तेथे डॉयसन यांना क्रिस्टियान लासेन यांच्याकडे संस्कृतची गोडी लागली. शोपेनहौअर वाचण्याचा आग्रहही नीत्शेचाच. पुढे नीत्शेने शोपेनहौअरकडे पाठ फिरवली, डॉयसन मात्र अखेरपर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहिले. मैत्री मात्र तुटली नाही. १९०१ मध्ये डॉयसन यांनी नीत्शेच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

प्लेटोवरील प्रबंधासाठी १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि नंतर एका रशियन कुटुंबात खासगी शिक्षक म्हणून काम केले. या फिरतीच्या नोकरीतच संस्कृतचा अभ्यास पक्का झाला. तत्त्वमीमांसेची मूलतत्त्वे मांडणारा त्यांचा पहिला ग्रंथ १८७७ मध्ये निघाला. १८८१ पासून ते बर्लिन विद्यापीठात अध्यापन करू लागले. १८८९ मध्ये कील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि तेथेच अखेरपर्यंत राहिले.

ग्रंथकार्य : ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांच्या आधारे वेदान्ताची पद्धतशीर मांडणी करणारा ग्रंथ त्यांनी १८८३ मध्ये लिहिला. १८८७ मध्ये शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रांचे संपूर्ण जर्मन भाषांतर केले. १८९७ मध्ये साठ उपनिषदांचे जर्मन भाषांतर एका खंडात आले. त्यापूर्वी युरोपची उपनिषदांशी ओळख मुख्यतः दारा शुकोहने करवून घेतलेल्या फार्सी भाषांतरावरून आंकतील द्यूपेराँ याने केलेल्या लॅटिन रूपांतरातून झाली होती. शोपेनहौअरनेही तेच वाचले होते. डॉयसन यांनी बहुतेक उपनिषदे मूळ संस्कृतातून जर्मनमध्ये आणली, प्रत्येकाला स्वतंत्र प्रस्तावना जोडली आणि भाषा व विचार यांच्या आधारे त्यांचा क्रम लावला : आधी बृहदारण्यक, छांदोग्य यांसारखी प्राचीन गद्य उपनिषदे; मग कठ, ईश, मुंडक यांसारखी पद्य; त्यानंतर प्रश्न, मैत्रायणी, मांडूक्य ही उत्तरकालीन गद्य.

१८९४ ते १९१७ या काळात प्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञानाचा सामान्य इतिहास हे त्यांचे सर्वांत मोठे काम. त्याच्या सहा भागांपैकी पहिले तीन भाग भारताला दिले आहेत. तत्त्वज्ञानाचा इतिहास ग्रीसपासूनच सुरू करायचा, हा युरोपातील रिवाज त्यांनी अशा रीतीने मोडला. १९०६ मध्ये ओटो श्ट्राउस यांच्यासह त्यांनी महाभारतातील सनत्सुजातीय, भगवद्गीता, मोक्षधर्म व अनुगीता यांचे भाषांतर प्रसिद्ध केले. १९११ मध्ये त्यांनी शोपेनहौअर सोसायटीची स्थापना केली.

मुंबईतील व्याख्यान : १८९२-९३ च्या हिवाळ्यात डॉयसन पत्नीसह भारतात आले. परतण्यापूर्वी, २५ फेब्रुवारी १८९३ रोजी, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे (आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई) त्यांनी वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वमीमांसा यांच्या संबंधावर इंग्रजीत व्याख्यान दिले. त्यातील नीतीविषयक युक्तिवाद विशेष गाजला. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा, असे बायबल सांगते. पण सुखदुःख मला माझेच जाणवते, शेजाऱ्याचे नाही, मग मी तसे का करावे? या ‘का’चे उत्तर त्यांना ‘तत्त्वमसि’ या महावाक्यात सापडले : शेजारी परका नाहीच, दोघांतील आत्मा एकच आहे. मराठी माणसाला हे नवे नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा हेच सांगते. संतांनी जे आचरणातून दाखवले, ते डॉयसन यांनी तर्काच्या भाषेत मांडले.

स्वामी विवेकानंद आणि टिळक : सप्टेंबर १८९६ मध्ये विवेकानंद आपले शिष्य असलेल्या सेव्हियर दांपत्यासह कीलला डॉयसन यांच्या घरी गेले. त्यानंतर डॉयसन त्यांच्याबरोबर हँबर्ग, ॲम्स्टरडॅममार्गे लंडनपर्यंत आले. विवेकानंदांनी त्यांच्यावर ब्रह्मवादिन् या नियतकालिकात लेखही लिहिला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात डॉयसन यांचा अनेक ठिकाणी आधार घेतला आहे. आत्मौपम्य, म्हणजे इतरांना आपल्यासारखेच मानणे, हाच नीतीचा पाया, हे दोघांनाही मान्य होते. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. शोपेनहौअरच्या मार्गाने जाणारे डॉयसन वासनेच्या निरासाकडे, म्हणजे निवृत्तीकडे वळतात. टिळक त्याच अद्वैतावरून लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहण्याचा सिद्धान्त काढतात.

मूल्यमापन : डॉयसन यांनी उपनिषदांकडे कांट आणि शोपेनहौअर यांच्या चष्म्यातून पाहिले, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होय. जग हे केवळ आभास आहे, हीच उपनिषदांची मूळ शिकवण त्यांनी मानली. त्यामुळे उपनिषदांतील इतर विचारधारा आणि रामानुजादी आचार्यांचे अर्थ त्यांच्या मांडणीत मागे पडले. ब्रह्मसूत्रांचे इंग्रजी भाषांतरकार जॉर्ज थीबो यांना सूत्रांचा आशय अनेक ठिकाणी रामानुजांच्या अर्थाशी अधिक जुळणारा वाटला. हे आक्षेप रास्त आहेत. तरीही त्यांच्या समकालीन अनेक विद्वानांनी वेदान्ताकडे केवळ भाषाशास्त्राचा किंवा पुरातत्त्वाचा विषय म्हणून पाहिले असताना, डॉयसन यांनी तो माणसाने कसे जगावे या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला. गीतारहस्याच्या अभ्यासकाने त्यांचे मुंबईतील व्याख्यान अवश्य वाचावे. टिळकांनी काय स्वीकारले आणि कोठे वेगळी वाट धरली, हे त्यावरून स्पष्ट होते.

कील येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या कन्येने संपादित करून १९२२ मध्ये प्रसिद्ध केले.