खेळांचे वाढते ओझे



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात १८७ हात रुंद व २७० हात लांब अशा फुलबागेची आणि देवाला रोज वाहावयाच्या ५० माळांची नोंद आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्य आजही सहज ओळखता येते. दहाच चिन्हांत वाटेल तेवढी मोठी संख्या मावावी, ही या अंकलेखनाची थोरवी. संगणकाने चिन्हांची ही काटकसर आणखी पुढे नेली. त्याचे शून्य आणि एक या दोहोंवरच भागते. असे आठ अंक मिळून एक बाइट होतो. संगणकावरचा खेळ म्हणजे अखेर अशा बाइटांची रासच होय. ही रास गेल्या चाळीस वर्षांत कशी वाढली आणि तिचा भार कोणावर पडला, हे आज पाहू.

१९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोघा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ हा खेळ रचला. ज्या यंत्रासाठी तो रचला, त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. त्यांनी ग्रहांची यादी साठविली नाही. ती यादी निर्माण करणारे सूत्र साठविले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटांचा होता. त्यातील ढग आणि झुडपे यांची आकृती एकच. रंग तेवढा निराळा! टंचाईने कल्पकतेला असे कामाला लावले होते.

१९९३ च्या ‘डूम’चा पहिला भाग दोन फ्लॉपींत मावत असे. त्यानंतर साडेसहाशे मेगाबाइटांची सीडी आली, मग ४.७ गिगाबाइटांची डीव्हीडी आली, आणि पुढे तबकडीच नको, खेळ थेट इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, अशी रीत पडली. जागेची मर्यादा सरली, तसा मोजूनमापून ठेवण्याचा धाकही सरला. २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’साठी संगणकावर १५० गिगाबाइट जागा लागते. मारिओच्या ३५ लाखांहून अधिक पटींनी ही जागा मोठी आहे.

ही सारीच वाढ अनाठायी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. चित्राची लांबी व रुंदी दुप्पट केली की त्यातील ठिपके चौपट होतात. संवाद, संगीत, वाऱ्याचा आवाज, दगडावरचे शेवाळ, या प्रत्येकाला जागा हवीच. परंतु काही वाढ निव्वळ सोयीची असते. २०१४ च्या ‘टायटनफॉल’ने संगणकावर ४८ गिगाबाइट जागा व्यापली, त्यांपैकी ३५ गिगाबाइट केवळ न आवळलेला ध्वनी होता. खेळ चालू असताना तो उलगडण्याचे श्रम यंत्राला पडू नयेत, हा त्यामागील हेतू. ‘हेलडायव्हर्स २’ या स्वीडनमधील खेळात जुन्या हार्ड डिस्कला माहिती लवकर सापडावी म्हणून एकच मजकूर अनेक ठिकाणी ठेवला होता. डिसेंबर २०२५ मध्ये या पुनरावृत्ती काढताच १५४ गिगाबाइटांचा खेळ २३ गिगाबाइटांवर आला. जी भीती धरून एवढे ओझे वाहिले, ती बव्हंशी अनाठायी ठरली.

हे ओझे वाहिले कोणी? खेळ करणाऱ्याने ते लादले, वाहिले खेळणाऱ्याने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट येत. त्या वेगाने १५० गिगाबाइट उतरवायला चार वर्षे लागली असती. आज वेग वाढला आहे, दरही उतरले आहेत. तथापि ज्या घरी दिवसाला दीड गिगाबाइटाची योजना आहे, तेथे तोच खेळ सलग शंभर दिवसांचा वाटा गिळील. आणि त्याच वाट्यात वडिलांचे काम व बहिणीचा अभ्यासही बसवायचा असतो. लगोरीला सात खापऱ्या आणि एक चेंडू पुरे. तेथे आत येण्यापूर्वी कोणी ऐपत विचारीत नसे. सवंगडी ज्या खेळाविषयी बोलतात तो आपल्या घरी येऊच शकत नाही, हे मुलाला फार लवकर कळते.

खेळ करणारे आता दूरदेशीचेच राहिलेले नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला, तर पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’. म्हणून हा प्रश्न आपल्या तरुण कारागिरांनाही विचारावयास हवा. त्यांनी भव्य खेळ अवश्य करावेत. मात्र प्रत्येक गिगाबाइट ज्याच्या दारी उतरणार, त्याचे घर एकदा डोळ्यांपुढे आणावे. काटकसर हा केवळ दारिद्र्याचा गुण नव्हे. पाहुण्याला पेलेल एवढेच ओझे त्याच्या हाती द्यावे, ही साधी माणुसकीही तीत आहे.