राजाने स्वप्न सांगितलंच नाही, तरी अर्थ विचारला: बायबलमधली नबुखद्नेस्सरची गोष्ट

स्वप्नाचा अर्थ सांगायचा तर आधी स्वप्न ऐकावं लागतं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने नेमकी तीच सोय काढून घेतली. मला काय स्वप्न पडलं तेही तुम्हीच सांगा, नाहीतर जीव जाईल, असं त्याने दरबारातल्या ज्ञानी लोकांना बजावलं. बायबलच्या जुन्या करारातल्या 'दानीएल' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट येते.

राजा स्वप्न विसरला होता का? काही जुन्या भाषांतरांवरून तसं वाटतं. पण आज बहुतेक अभ्यासक मूळ अरामी शब्दांचा अर्थ 'माझा निर्णय पक्का आहे' असा घेतात. म्हणजे ही परीक्षा होती. स्वप्न ओळखलंत, तर अर्थही खरा मानेन, असा राजाचा हिशेब.

हे ज्ञानी लोक म्हणजे कुणी भोंदू नव्हेत. मेसोपोटेमियात स्वप्नांचा अर्थ लावणं ही रीतसर विद्या होती. अमुक दिसलं तर तमुक होईल, अशा याद्या मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या असत. निनवे इथे अशा पाट्या सापडल्याही आहेत. पण यादीत शोधायला आधी स्वप्न तर कळायला हवं! माणसाला हे जमणार नाही, फक्त देवांना जमेल, असं त्यांनी राजाला सांगितलं. ते खरंच बोलत होते. तरीही राजाने सगळ्यांना मारायचा हुकूम काढला.

त्या हुकमात यरुशलेमहून बंदी करून आणलेला तरुण दानीएल आणि त्याचे तीन मित्रही सापडले. पहिल्याच अध्यायात राजाला हे चौघे इतर ज्ञानी लोकांपेक्षा दहापट हुशार वाटले होते. इथे मात्र ती हुशारी कामाची नव्हती. दानीएलने मुदत मागितली, मित्रांसोबत प्रार्थना केली आणि रात्री त्याला ते रहस्य कळलं.

स्वप्नात एक मोठा पुतळा होता: डोकं सोन्याचं, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावलं मात्र लोखंड आणि माती यांची. एक दगड पावलांवर आदळतो आणि सगळा पुतळा चुरा होतो. दानीएलच्या मते ही एकामागून एक येणारी राज्यं होती आणि सोन्याचं डोकं म्हणजे स्वतः नबुखद्नेस्सर.

पण त्याआधी त्याने राजाला एक गोष्ट स्पष्ट केली: इतरांपेक्षा जास्त शहाणा आहे म्हणून मला हे कळलेलं नाही. 'उत्पत्ती'च्या पुस्तकात योसेफही फारोला सात पुष्ट आणि सात रोड गायींच्या स्वप्नाचा अर्थ सांगण्याआधी असंच म्हणतो. मात्र फारोने स्वप्न स्वतः सांगितलं होतं, त्यामुळे योसेफचं काम त्या मानाने सोपं!

म्हणून बायबल प्रत्येक स्वप्नावर विश्वास ठेवायला सांगतं, असं नाही. यिर्मया संदेष्टा स्वप्नांच्या नावाने लोकांची दिशाभूल करणाऱ्यांवर कडक टीका करतो.

आणि त्या ज्ञानी लोकांचं काय झालं? राजाकडे जाण्याआधीच दानीएलने पहारेकऱ्यांच्या सरदाराला, अर्योकला, सांगितलं होतं: त्यांना मारू नका.