दाताला मासा मिळेपर्यंत

मुशी आणि पाकट यांच्या अंगात हाड नसते. त्यांचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यात असतो तसल्या मऊ पदार्थाचा असतो. मासा मेला की कूर्चा बहुधा कुजून जाते आणि मागे दात तेवढे उरतात. त्यामुळे या माशांचा प्राचीन इतिहास आपल्या हाती येतो तो मूठभर सुट्या दातांच्या रूपात. नुसत्या दातावरून धनी ओळखायचा, तर काय काय घोटाळे होतात, याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे क्रेटेशस कालखंडातले करवतधारी पाकट.

१८५२ साली फ्रान्समध्ये पॉल जेर्व्हे यांनी अशाच एका सुट्या दाताला ‘ऑन्कोसॉरस’ असे नाव दिले. ‘सॉरस’ म्हणजे सरडा. त्यांना तो एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याचा दात वाटला होता. चारच वर्षांनी अमेरिकेत जोसेफ लाइडी यांनी ‘इस्किरायझा’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘मजबूत मूळ असलेला’. हे नाव आम्हांला शहाणपणाचे वाटते, कारण जे डोळ्यांना दिसले तेवढेच ते सांगते. पुढे सहारातून आणलेल्या नमुन्यांवरून एमिल ओग यांनी १९०५ मध्ये एका जातीचा समावेश ‘जायगँटिक्थिस’, म्हणजे ‘राक्षसी मासा’, या प्रजातीत केला. सरड्यापासून माशापर्यंत तरी आपण येऊन पोहोचलो होतो!

या राक्षसी माशाला आजचे नाव मिळाले ते एर्न्स्ट श्ट्रोमर यांच्यामुळे. हे म्युनिकचे संशोधक १९११ च्या जानेवारीत इजिप्तच्या वाळवंटातील बहारिया या मरूद्यानात पोहोचले. त्यांच्यासाठी जीवाश्म गोळा करणारे रिखार्ड मार्कग्राफ हे मूळचे वादक. पुढची काही वर्षे त्यांनी बहारियातून नमुने काढून पाठवले. त्यांत स्पायनोसॉरस हा प्रसिद्ध डायनोसॉर होता, तसेच आपल्या पाकटाचे अवशेषही होते. १९१७ मध्ये श्ट्रोमरनी त्याच्या करवतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘ऑन्कोप्रिस्टिस’ म्हटले. ‘प्रिस्टिस’ म्हणजे करवत. नावातला पहिला भाग काट्यावरून आला आहे: या दाताच्या टोकाजवळ मासे धरायच्या गळासारखा उलटा काटा असतो. एकदा पाहिला की हा दात विसरत नाही.

इथे एक खुलासा हवा. करवतीचे दात हे तोंडातले दात नव्हेत. मुशीच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर काचकागदासारखा खरखरीत लागतो, कारण तिच्या त्वचेवर बारीक दातांसारखे खवले असतात. लांबट नाकाडाच्या दोन्ही कडांवरचे असेच खवले मोठे झाले की करवत तयार होते.

आजही समुद्रात करवत मासा आहे. भारताच्या किनाऱ्यावरही तो सापडत असे; आता तो फार दुर्मिळ झाला आहे आणि २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची करवत जाळ्यात गुंतते आणि तीच त्याच्या मुळावर आली. प्राचीन पाकट हे याचेच पूर्वज, असे अनेक वर्षे समजले जाई. पण दात नीट पाहू लागल्यावर शंका येऊ लागली. आजच्या करवत माशाचा दात कूर्चेतल्या खोबणीत पक्का बसलेला असतो आणि बुडातून आयुष्यभर वाढत राहतो. समूळ निखळला तर त्या जागी नवा येत नाही. प्राचीन पाकटांचे दात खोबणीत नव्हते. ते कडेला त्वचेत आणि तंतूंनी धरलेले असत, ठरावीक आकाराचे होत, गळून पडत आणि त्यांच्या जागी नवे येत. सुटे दात एवढ्या संख्येने का सापडतात, याचे एक कारण हेच.

प्रश्न सुटायला दात पुरेसे नव्हते, अंग हवे होते. ते मिळाले लेबननमध्ये. तिथल्या चुनखडीत माशांचे ठसे असतात ही गोष्ट जुनी आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई तेराव्या शतकात सिदोनला असताना त्याला असा मासा असलेला दगड दाखवल्याची नोंद त्याच्या चरित्रकाराने केली आहे. शांत समुद्रतळावरच्या बारीक चिखलाने कूर्चासुद्धा जपली. तिथल्याच साहेल अल्मा येथील नमुन्यावरून आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १८८९ मध्ये ‘स्क्लेरोरिंकस’चे नामकरण केले. तिथल्या फरश्यांवर करवतीमागचे चपटे अंग आणि पंख दिसतात. पण ऑन्कोप्रिस्टिसचे काय? तो नदीमुखांचा रहिवासी. तिथल्या वाहत्या वाळूत कूर्चा टिकणे कठीण.

शिवाय बहारियाचा बराचसा संग्रह आज नाही. दुसऱ्या महायुद्धात श्ट्रोमर नमुने सुरक्षित जागी हलवा म्हणून विनवत राहिले. ते नाझी राजवटीचे टीकाकार होते आणि संचालकांनी ऐकले नाही. १९४४ च्या एप्रिलमध्ये बाँबहल्ल्यात संग्रहालय जळाले. उरली ती श्ट्रोमरांची वर्णने आणि चित्रे.

म्हणून नजर मोरोक्कोकडे वळली. आग्नेय मोरोक्कोतील केम केमचे तांबडे वालुकाश्म साधारण त्याच, म्हणजे सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले. स्थानिक लोक डोंगरात अरुंद बोगदे खणून जीवाश्म काढतात. काम जोखमीचे, आणि त्यावर संसार चालतात. व्यापाऱ्याकडे गेल्यावर मात्र अनेक बोगद्यांचे दात एका ढिगात मिसळतात आणि कुठल्या थरातला कोणता हे कायमचे पुसले जाते. सुट्या दातांना वाळू आणि डिंक लावून ‘अख्खी करवत’ही तयार करतात. ओळखायची एक खूण सांगतो. दात सारखे बदलत असल्यामुळे खऱ्या करवतीत लहानमोठे दात शेजारी शेजारी असतात. एकाच मापाची नीटनेटकी रांग दिसली की सावध व्हावे.

याच डोंगरांतून शेवटी ऑन्कोप्रिस्टिसच्या सांगाड्याचे भागही मिळाले. एदुआर्दो व्हियालोबोस-सेगुरा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांच्या विश्लेषणात हा गट करवत माशांजवळ न जाता ‘स्केट’ या पाकटांच्या शाखेजवळ गेला. म्हणजे करवत ही वारशाने आलेली नाही. वेगवेगळ्या कुळांनी ती स्वतंत्रपणे कमावली. करवत-मुशी धरली तर तीनदा.

केम केमचाच आणखी एक नमुना सांगण्यासारखा आहे. १९७५ मध्ये सापडलेला स्पायनोसॉरसचा जबडा बरीच वर्षे खाजगी संग्रहात होता. २००२ मध्ये तो मिलानच्या संग्रहालयात आला. २००५ मध्ये त्याचे वर्णन झाले, तेव्हा दातांच्या खोबणीपाशी अडकलेला एक मणका आढळला. तो ऑन्कोप्रिस्टिसचा होता. सुटा विकला असता तर दोन पैसे जास्त आले असते, पण तो जागच्या जागी राहिला. म्हणून या करवतवाल्या माशाला कोण खात असावे, हे आज आपल्याला सांगता येते.