सानचिन काता: अख्खं अंग आवळायचं, मग श्वास का रोखायचा नाही?

उघड्या अंगाचा कराटेपटू संथपणे एकेक पाऊल टाकतोय, घशातून मोठ्याने श्वास सोडतोय आणि मागून गुरू त्याच्या खांद्यांवर फटाफट थापा मारतायत. असा रील तुम्हीही पाहिला असेल. यातल्या काताचं नाव आहे सानचिन. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करायच्या हालचाली. रील पाहून अनेक जण घरी अंग ताठ करून बघतात आणि नेमकी तिथेच चूक होते.

सानचिन आलं कुठून?

सानचिन म्हणजे 'तीन लढाया'. शरीर, श्वास आणि मन, असा त्याचा अर्थ सहसा सांगितला जातो. त्याचं मूळ दक्षिण चीनमधलं. जपानच्या ओकिनावा बेटावरचे कानऱ्यो हिगाओन्ना चीनमधल्या फुचौ शहरात शिकले. त्यांचे शिष्य चोजुन मियागी (१८८८-१९५३) यांनी गोजू-ऱ्यू ही शैली घडवली. ओकिनावाचेच काँबुन उएची १८९७ मध्ये फुचौला गेले. त्यांच्या परंपरेतून उएची-ऱ्यू उभी राहिली. दोन्ही शैलींचा पाया सानचिनच आहे.

पवित्रा कसा असतो?

या पवित्र्याला 'सानचिन-दाची' म्हणतात. पायांत खांद्यांइतकं अंतर असतं. एक पाऊल किंचित पुढे, इतकंच की पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत यावी. पावलं थोडी आत वळलेली, गुडघे जरा वाकलेले आणि माकडहाड आत घेतलेलं. मांड्या एकमेकींकडे खेचल्या जातात आणि पायाची बोटं जमीन पकडतात. पवित्रा दिसतो लहान, पण धक्का बसला तरी माणूस सहज हलत नाही.

ताण नेमका कुठे?

पाय, नितंब, पोट आणि काखेखालचे पाठीचे स्नायू आवळलेले असतात. खांदे मात्र खाली हवेत. ते कानांकडे चढले की ताण मानेत जातो आणि पाठीचा आधार सुटतो. गुरू थापा मारतात ते हेच तपासायला. या तपासणीला 'शिमे' म्हणतात. कुठला भाग ढिला पडलाय, कुठे उगाच जोर लागतोय, हे हाताला कळतं. थाप किती जोरात मारायची हे विद्यार्थ्याच्या तयारीवर ठरतं. मार सहन करण्याची ही स्पर्धा नाही.

सगळीकडे सारखंच असतं का?

नाही. गोजू-ऱ्यूमध्ये मुठी बंद असतात, हालचाल संथ आणि श्वास ऐकू येणारा. उएची-ऱ्यूमध्ये हात उघडे असतात, बोटांच्या टोकांनी वार होतो आणि हात झटकन पुढे जातो. शिवाय 'गोजू' या शब्दाचा अर्थच 'कठीण आणि मऊ' असा आहे. मियागींनी सानचिनच्या जोडीला 'तेनशो' हा मऊ, वाहत्या हालचालींचा काता तयार केला. म्हणजे आवळण्याइतकंच सैल सोडणंही शिकायचं असतं.

धोका कशात आहे?

श्वास रोखून जोर लावला की छाती-पोटातला दाब वाढतो आणि रक्तदाब झपकन चढतो. श्वास सोडल्यावर तो घसरू शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सानचिनमध्ये ताण वाढत असताना श्वास बाहेर सोडत राहायचा असतो. चेहरा लालबुंद होत असेल, मानेच्या शिरा फुगत असतील, तर थांबा.

उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नकोच. बाकीच्यांनी आधी फक्त पवित्रा आणि नेहमीचा श्वास जमवावा. ताण त्यानंतर, आणि तोही जाणकार शिक्षकासमोर. शिमे तर व्हिडिओ पाहून मित्राकडून मुळीच करून घेऊ नका.