बहुरूपी यंत्र

दिवाळी अंकाबरोबर वाचकाला काहीतरी भेट द्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. कोणी राशिभविष्याची पुरवणी देतो, कोणी दिनदर्शिका, तर कोणी रांगोळ्यांची पुस्तिका. पण मुखपृष्ठावर चक्क एक संगणक चिकटवून अंक विक्रीस आल्याचे आपण कधी ऐकले आहे काय? इंग्लंडात ही गोष्ट खरोखरच घडली. २०१५ च्या नोव्हेंबरात 'मॅगपाय' नावाच्या मासिकाच्या ४० व्या अंकाबरोबर 'रास्पबेरी पाय झिरो' हा संगणक वाचकांना भेट मिळाला. लांबी साडेसहा सेंटिमीटर, रुंदी तीन सेंटिमीटर, वजन अवघे नऊ ग्रॅम. आणि सुटा घेतला तर तेव्हा किंमत पाच डॉलर!

असे यंत्र हाती आल्यावर माणसे त्याचे काय करतात? कोणी त्याच्याकडून पाऊसवारा मोजून घेतो, कोणी कुंड्यांना वेळेवर पाणी घालतो. परंतु हौशी मंडळींपैकी पुष्कळांनी पहिल्या काही दिवसांतच एक उद्योग केला. आपल्या लहानपणचे संगणकावरील खेळ त्यांनी त्यावर चालवून पाहिले. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण त्याच्या मुळाशी जावे, तो एक मोठा मौजेचा आणि थोडासा गंभीर इतिहास आपल्या हाती लागतो.

हा इतिहास सुरू होतो केंब्रिजमध्ये. १९८१ च्या डिसेंबरात तेथील एकॉर्न या कंपनीने 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक बाजारात आणला. बीबीसीने सामान्य जनतेला संगणकाची ओळख करून देण्याची एक मोहीम आखली होती. दूरचित्रवाणीवर धडे द्यावयाचे आणि त्या धड्यांना जोडीदार म्हणून घरोघरी, शाळोशाळी एक यंत्र असावयाचे, अशी ती कल्पना. हे यंत्र त्यासाठी निवडले गेले आणि पुढे सुमारे १५ लाख खपले. त्याची स्मरणशक्ती होती ३२ किलोबाइट. अंकाबरोबर फुकट वाटलेल्या त्या नऊ ग्रॅमच्या यंत्राची स्मरणशक्ती याच्या १६ हजार पटींहून अधिक आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या तुटपुंज्या जागेत केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी संबंध विश्व कोंबून बसविले! इयान बेल आणि डेव्हिड ब्रेबेन ही त्यांची नावे, आणि १९८४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खेळाचे नाव 'एलीट'. खेळणाराने एका लहानशा यानातून ग्रहाग्रहांवर व्यापार करीत हिंडावयाचे, वाटेत चाच्यांशी झुंजावयाचे आणि हळूहळू नावलौकिक मिळवावयाचा. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. म्हणजे एकूण २०४८ ग्रह, आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःचे राज्य, स्वतःचे बाजारभाव. ही सारी माहिती ३२ किलोबाइटांत लिहून ठेवावयाची म्हटले तर खेळाला जागाच उरली नसती. म्हणून त्यांनी ती लिहिलीच नाही. केवळ सहा बाइटांचे एक 'बीज' ठेवले. त्या बीजातील तीन संख्यांची बेरीज करून पुढची संख्या काढावयाची, पुन्हा शेवटच्या तिन्हींची बेरीज करावयाची, आणि निघालेल्या आकड्यांतून ग्रहांची नावे-गावे पाडावयाची. मागच्या संख्यांच्या बेरजेतून पुढची संख्या काढण्याची रीत आपल्याला परकी नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्राने मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना याच कुळातील श्रेढी सांगितली आहे. छंदःशास्त्रातील हिशेब अवकाशयानाच्या खेळाशी असा नाते सांगू लागला, की इतिहासाच्या अभ्यासकाला गंमत वाटल्यावाचून राहत नाही. या रीतीने आठच काय, कोट्यवधी आकाशगंगा निर्माण करता आल्या असत्या. परंतु इतक्या पसाऱ्याने त्यामागचे गणित उघडे पडेल, असे म्हणून प्रकाशकांनी तो आठांवर आणला.

दुसरी करामत पडद्याची. बारीक रेषांचे चित्र काढावे तर या तुटपुंज्या जागेत रंग दोनच परवडत. चार रंग हवेत तर चित्र जाडेभरडे होई. या पोरांना वर यानांचे रेखीव चित्र हवे होते आणि खाली रंगीत फलक. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली रेखाटले जाते. तेव्हा यंत्रातील घड्याळाला त्यांनी असा गजर लावला, की रेखाटन ठराविक ओळीवर पोचताच यंत्राने मधल्या मध्ये कूस बदलावी. हे सेकंदाला ५० वेळा, न चुकता! यंत्राची नस अन् नस ठाऊक असल्यावाचून असे काम होत नाही. पण यातच पुढच्या अडचणीचे मूळ होते. खेळ जितका यंत्राशी एकजीव, तितका तो यंत्राबरोबर मरणार.

आणि यंत्रे तर लवकर मरतात. प्रत्येक प्रोसेसरची आज्ञांची भाषा निराळी. बीबीसी मायक्रोतील ६५०२ ला कळणारी आज्ञा नव्या प्रोसेसरला मुळीच कळत नाही. जुनी यंत्रे अडगळीत गेली, फितींवरचे लेखन पुसट झाले.

यात केवळ खेळच गेले असते तर फारसे कोणी हळहळले नसते. पण १९८६ साली बीबीसीने याच घराण्यातील यंत्रावर एक मोठे कार्य उभारले होते. १०८६ साली विजेत्या विल्यमने आपल्या नव्या राज्याची मोजदाद करविली, तीच 'डूम्सडे' वही. तिला ९०० वर्षे झाली म्हणून ब्रिटनची नवी मोजदाद करावयाचे ठरले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत शाळकरी मुलांनीही, आपापल्या गावाची वर्णने, नकाशे, छायाचित्रे पाठविली आणि ती सारी दोन लेझर-तबकड्यांवर भरली गेली. पंधरा-सोळा वर्षे लोटली, आणि तबकड्या शाबूत असूनही त्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली. ९०० वर्षांपूर्वीची चर्मपत्रावरील वही मात्र पूर्वीसारखीच वाचता येत होती! २००२ साली लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या अभ्यासकांनी त्या तबकड्यांतील मजकूर नव्या यंत्रावर बोलता केला. त्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती आणि जुने खेळ चालविणाऱ्या हौशी पोरांची युक्ती एकच होती.

ही युक्ती म्हणजे बहुरूपी. आपल्या दारी बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन येतो आणि दटावणीच्या सुरात चौकशी करू लागतो. क्षणभर घरातील माणसे दचकतात. संगणकाच्या जगात अशा बहुरूप्याला 'एम्युलेटर' म्हणतात. तो एक प्रोग्रामच असतो. जुना खेळ ६५०२ च्या भाषेत एक आज्ञा देतो. हा ती वाचतो, खऱ्या ६५०२ ने काय केले असते याचा हिशेब करतो आणि नेमके तेवढेच करून दाखवितो. जुन्या यंत्राचे घड्याळ, त्याचा पडदा, त्याचा आवाज, सगळ्यांची सोंगे हा एकटाच वठवितो. बिचाऱ्या खेळाला पत्ताही लागत नाही, की आपले यंत्र केव्हाच भंगारात गेले आहे आणि आपण एका परक्या यंत्रात वस्तीला आहोत.

मात्र सोंग अर्धवट चालत नाही. खरा फौजदार लंगडत असेल तर बहुरूप्यालाही लंगडावे लागते. 'एलीट'चा तो मधल्या ओळीवरचा गजर क्षणाचाही चुकला तर पडद्यावर विचका होतो. म्हणून जुन्या यंत्राचे गुणच नव्हे, त्याचे दोष, त्याची दिरंगाई, त्याच्या खोडीसुद्धा अभ्यासाव्या लागतात. चांगला एम्युलेटर लिहिणे म्हणजे एका मृत यंत्राचे सूक्ष्म चरित्र लिहिणेच होय. जगभरच्या हौशी लोकांनी, बहुतेक वेळा एका पैचीही अपेक्षा न ठेवता, रात्री जागून अशी शेकडो चरित्रे लिहिली आहेत. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 'मेम' या नावाने सुरू केलेल्या कामात तर नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या यंत्रांचे हजारो खेळ जतन झाले.

आता त्या नऊ ग्रॅमच्या यंत्राकडे पुन्हा वळू. बहुरूप्याला असा मुलूख शोधून सापडला नसता! बीबीसी मायक्रोच्या कर्त्यांपैकी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एकॉर्नमध्येच एक नवा प्रोसेसर रचला. त्याची पहिली चकती २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. त्याचे नाव 'आर्म'. पुढे जगातील बहुतेक मोबाइल फोनांत त्याच वंशाचे प्रोसेसर नांदू लागले. आणि रास्पबेरी पाय चालतो तोही त्यावरच. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकविणाऱ्या एबेन अप्टन यांना दिसले, की नव्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता येतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक नसते. स्वतः अप्टन बीबीसी मायक्रोवर शिकलेले. मुलांना तसेच एखादे स्वस्त, उघडेवाघडे यंत्र पुन्हा द्यावे म्हणून २००९ साली त्यांनी इतरांसह संस्था स्थापिली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिले यंत्र ३५ डॉलरला विक्रीस आले. त्याच्या नमुन्यांना 'ए' आणि 'बी' ही नावे बीबीसी मायक्रोवरूनच दिली गेली. त्या संस्थेच्या पहिल्या विश्वस्तांत एक नाव आहे डेव्हिड ब्रेबेन. म्हणजे 'एलीट'च्या दोघा कर्त्यांपैकी एक. तेव्हा या यंत्रावर कोणी 'एलीट' लावतो, त्या वेळी नातू आजोबांचे सोंग घेऊन घरातीलच गोष्ट सांगत असतो.

बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता. १९८४-८५ साली भारत सरकारच्या 'क्लास' या योजनेखाली देशातील सुमारे २५० शाळांना ही यंत्रे मिळाली. आमची शाळा त्यांतलीच. यंत्राची खोली कुलूपबंद असे. वहाणा बाहेर काढून, रांगेने आत जावयाचे, हात पाठीमागे बांधून उभे राहावयाचे. सर कळ दाबीत, आणि यंत्र आधी एक खोल, लांब आणि मग एक बारीक, आखूड असे दोन सूर काढी. त्या सुरांनी अंगावर काटा येई. कळफलकाला हात लावण्याची पाळी माझ्यावर कधी आली नाही. काही वर्षांनी ती यंत्रे कोठे गेली, कोणी विचारलेही नाही.

मोडी कागदांचे रुमाल आपल्या दफ्तरांत असेच पडून आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. ते वाचणारे मात्र मूठभर. वस्तू जपली म्हणजे वारसा जपला, हा आपला एक गोड गैरसमज आहे. ती वाचण्याची विद्या जपावी लागते, आणि ती कोणा तरी हौशी माणसाने पदरमोड करून शिकावी लागते. मोडीचे हे जितके खरे, तितकेच यंत्राचेही.

गेल्या नरकचतुर्दशीस, फराळ आटोपल्यावर, माझ्या पुतण्याने असले एक चिमुकले यंत्र घरच्या टीव्हीला जोडले. चार दिवस तो त्याच्याशी झटत होता. त्याने कळ दाबली, आणि खोलीत ते दोन सूर उमटले. एक खोल, एक बारीक. मी हातातील चकली ताटात ठेवली.

"काका, तुमच्या शाळेत होते ते हेच का हो?"

"हेच."

"मग तुम्ही काय खेळायचात त्यावर?"

"काही नाही रे. हात पाठीमागे बांधून नुसते पाहायचो."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि कळफलक उचलून माझ्या मांडीवर ठेवला. तब्बल चाळीस वर्षांनी माझी पाळी आली होती. अवकाशात एक स्थानक संथपणे गरगरत होते. त्याच्या अरुंद दारातून यान आत न्यावयाचे होते. मी ते मोठ्या ऐटीत नेले आणि चौकटीवर आपटून त्याच्या ठिकऱ्या केल्या.

"पुन्हा," तो म्हणाला.