दबलेली मान, बदललेला मेंदू

मागच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातलं थोडं तसंच ठेवलंय.

आमच्या वरोरला हाताला मुंग्या आल्या की लोक म्हणतात, "मानेची नस दबलीय." तेल चोळायचं आणि कामाला लागायचं. पण नस दबणं वेगळं, मज्जारज्जू दबणं वेगळं. मज्जारज्जू दबला की जाळ्याची गाठ जमत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, चालताना तोल जातो. दुखतं मात्र बऱ्याचदा फारसं नाही. म्हणूनच उशीर होतो.

डॉक्टरांनाही हे कळायला वेळ लागला. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बायरन स्टुकी यांनी मानेत मज्जारज्जूवर दाब आणणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. त्यांना ते कूर्चेचे ट्यूमर वाटले. पुढे कळलं, त्या बहुतेक मणक्यांमधल्या सरकलेल्या चकत्याच होत्या. १९५२ मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी मानेच्या मणक्यांची झीज आणि मज्जारज्जूचा त्रास यांचं नातं नीट मांडलं. गंमत बघा, आडनाव ब्रेन आणि निबंध छापला तोही 'ब्रेन' नावाच्याच नियतकालिकात!

तरी सगळं लक्ष मानेवरच राहिलं. केबल खराब, सर्व्हर ठीक. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे लगेच पटतं. १९३७ मध्ये माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी हात, ओठ, पाय यांच्या मेंदूतल्या जागांचा नकाशा छापला होता. मोठ्या माणसात तो पक्का असतो, असंच बरीच वर्षं धरून चालले. १९८० च्या दशकात अमेरिकेत मायकेल मर्झेनिक यांनी माकडांच्या हाताची एक नस कापून पाहिली. मेंदूतली तिची जागा शेजारच्या भागांनी घेतली. म्हणजे नकाशा हलतो!

१९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी एफएमआरआयचा पाया घातला आणि कवटी न उघडता मेंदूचं काम दिसू लागलं. २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मज्जारज्जू दबलेल्या रुग्णांना मशीनमध्ये बोटं हलवायला लावली, ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनंतर. निरोगी माणसांपेक्षा त्यांच्या मेंदूतलं चित्र वेगळं होतं, आणि दाब काढल्यावर तेही बदललं. थोडक्यात, केबल दबली की सर्व्हरही स्वतःला बदलून घेतो.

दाब काढायच्या आणि मणके स्थिर करायच्या इतिहासात मुंबईचंही नाव आहे. केईएमच्या अतुल गोयल यांनी मानेचे वरचे दोन मणके प्लेट आणि स्क्रूने जोडायची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरतात.

मेंदू सावरतो, पण फार काळ दबलेला मज्जारज्जू पूर्ण सावरेलच असं नाही. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, वाणगावला गाडी मिळते. तेव्हा घरात कुणाची गाठ जमेनाशी झाली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

भेटूया पुढच्या भागात!